चेक वठला नाही म्हणजे काय, पाणी घातलं नव्हतं का?

तुम्ही सोसायटीच्या नोटिशीतलं वाक्य दिलंय, "आपला मेंटेनन्सचा चेक वठला नाही, तरी खाते चेक करून नवीन चेक देणे", आणि विचारलंय की यात 'चेक देणे' आणि 'चेक करणे' हे दोन वेगळे इंग्रजी शब्द आहेत का एकच, आणि मराठीत त्याला काय लिहायचं.

सांगतो, पण आधी ते 'वठला' बघून माझं जे डोकं फिरलंय ते जरा शांत होऊ दे. अहो वठतं ते झाड. नट भूमिका वठवतो. चेक वटतो! ट टोपीतला. पूर्वी हुंड्या वटायच्या, वटवताना सावकार वटाव कापून घ्यायचा, त्याच घरातला हा शब्द आणि इतका छान आयता शब्द आपल्याकडे असताना लोक बिनदिक्कत ठ लावतात. मागच्या महिन्यात एका बँकेच्या छापील पत्रात वाचलं, "न वठलेले धनादेश". काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, न वठलेले म्हणजे हिरवेगार का, तर त्या म्हणाल्या काका मागे लाइन आहे.

असो. तपासणे, पडताळणे, खात्री करणे, आवर घालणे, बरोबरची खूण करणे हे चेकचे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. शब्द एकच आहे. चेक देणे, चेक करणे, चेक-अप, चेकनाका, चेक्सचा शर्ट, झाडून सगळे एकच, आणि तो शब्द म्हणजे राजा. खरंच राजा, सिंहासनावरचा. फारसीतला शाह.

बुद्धिबळ आपल्याकडून इराणात गेलं, चतुरंगचं तिकडे चतरंग आणि पुढे अरबांकडे शतरंज झालं, आणि समोरच्याच्या राजावर रोख धरला की खेळणारा "शाह!" असं ओरडायचा, म्हणजे सांभाळ, राजा धोक्यात आहे. अरबांमार्फत हे युरोपात पोचलं, लॅटिन बोलणाऱ्यांना तो शेवटचा ह काही झेपेना, त्यांनी त्याचा क केला, जुन्या फ्रेंचात एशेक झालं आणि इंग्रजांनी पुढचा ए गाळून चेक केलं. त्या एशेकचं अनेकवचन म्हणजे चेस. म्हणजे खेळाचं नावच मुळी 'राजे राजे' असं आहे.

आता गंमत बघा. शाह ऐकलं की समोरच्याचा बेत जागच्या जागी थांबतो, मनातली चाल खेळता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे आधी अडवणूक, रोखणं. राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं 'चेक्स अँड बॅलन्सेस' हे त्याच अर्थाचं, तिथे कोणी काही तपासत नाही. तपासण्याचा अर्थ मागाहून आला, कारण लबाडी रोखायची तर हिशोब पडताळून बघायला लागतो. आणि बँकेतला चेक म्हणजे सुरुवातीला चेक नव्हताच, तो होता त्याचं अर्धुक, चेकबुकात मागे राहतो तो तुकडा! कागदावर कोणी खाडाखोड केली तर अर्धुकाशी ताडून चोरी पकडता यावी म्हणून तो 'चेक', नंतर तुकड्याचं नाव अख्ख्या कागदाला लागलं. अमेरिकन अजून साधं स्पेलिंग लिहितात, आणि इंग्रजांनी शेवटी क्यू घुसवला तो एक्स्चेकरच्या, म्हणजे राजाच्या हिशोबखात्याच्या, नादाने.

हे एक्स्चेकर म्हणजे माझी लाडकी गोष्ट. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा चॅन्सेलर. बाराव्या शतकात राजाच्या वसुलीचा हिशोब एका टेबलावर व्हायचा, दहा फूट लांब पाच फूट रुंद, त्यावर काळं कापड, कापडावर रेघा. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा एकदा म्हणजे त्यांना पट का लागला ते कळेल. खान्यांमध्ये सोंगट्या सरकवत पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे, एका बाजूला राजाचा खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला वसुली घेऊन आलेला घाम फुटलेला शेरीफ, आणि त्याच खात्यातल्या एका खजिनदाराने तेव्हाच लिहून ठेवलंय की हा या दोघांमधला डावच असतो. शर्टावरच्या चेक्स त्याच घरांच्या. त्या चेक्सना आपल्याकडे चौकडी म्हणतात, त्यावरून "चेक हा आपल्या चौकवरून गेला" असं कोणीतरी मला ठासून सांगितलं होतं. चौक आणि चेक यात च आणि क सारखा आहे, एवढंच. तसं तर चाक पण आहे आणि चूकही.

दुसरा पंथ याहून डेंजर कारण तो विद्वान आहे. त्यांचं म्हणणं बँकेचा चेक हा अरबी 'सक्क'वरून, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीवरून आला. मोठमोठी माणसं लेखांत हे ठोकून देतात. सक्क होता, नाही कोण म्हणतंय, अरब व्यापारी त्यावर पैशाचे व्यवहार करत हेही खरं, पण इंग्रजीतला शब्द आधी अर्धुक या अर्थाने येतो, साध्या स्पेलिंगने येतो आणि 'रोखणे'शी थेट जुळतो, तर मधेच बगदादहून उडी कशाला? दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांचं लग्न लावून मोकळे. उद्या म्हणाल चेक प्रजासत्ताकाने चेकबुक काढलं.

चेकचा आणखी एक अर्थ लोकांच्या ध्यानात नसतो तो टोकन, बिल्ला. माझी मोठी मावशी पहिल्यांदा मुलाकडे न्यू जर्सीला निघाली तेव्हा एअरपोर्टवर विचारत होती की अरे बॅग तर आत्ताच मशीनमधून चेक झाली, परत 'चेक्ड बॅगेज'मध्ये कशाला चेक करतात. प्रश्न बरोबर होता! इथे चेकचा तपासणीशी संबंधच नाही, बॅग ताब्यात घेऊन तिचा बिल्ला तुमच्या हातात देणे म्हणजे चेक करणे, अमेरिकेतल्या रेल्वेपासूनची पद्धत. रेन चेकही तसाच, बेसबॉलची मॅच पावसाने धुतली की पुढच्या मॅचचं तिकीट. आपल्याकडे पोरं "रेन चेक घेतो" म्हणून पार्टी टाळतात, भर मे महिन्यात.

पण मला खरं बोलायचंय ते मराठीबद्दल, कारण हाच शाह आपल्याकडे सरळ फारसीतून आला, ह शाबूत ठेवून. शह! शह देणे, काटशह. आणि त्याची आता चॅनलवाले वाट लावतायत. परवा एक अँकर विचारत होती, "या गुंडांना शह कोण देतंय?" म्हणायचं होतं फूस कोण देतंय, पाठीशी कोण आहे. हिंदीत 'किसकी शह पर' म्हणतात ना, ते तसंच उचललं. मराठीत गुंडाला शह देतो तो पोलीस, बाई! वाक्याचा अर्थ बरोब्बर उलटा झाला. आणि दुसरे ते, निवडणूक जिंकली की "शह दिला" लिहिणारे. शह म्हणजे फक्त कोंडी, त्यातून सुटता येतं. हरवलं तर मात केली म्हणा.

मातबद्दलही भांडण आहेच. शहमात म्हणजे "राजा मेला" हे सगळीकडे छापलेलं असतं, अरबीत मात म्हणजे मेला म्हणून. पण बुद्धिबळात राजा कधी मरतो का? बाकी सगळे मरतात, राजा नुसता अडकतो. फारसीत मात म्हणजे हतबल, गोंधळून खिळलेला, आणि माझ्या मते तेच खरं, ज्यांना राजा मारायचाच असेल त्यांनी खुशाल मारावा.

आणि शाह तरी कुठून आला? जुन्या फारसीत तो 'ख्शायथिय', इराणचा प्राचीन सम्राट दारियस बेहिस्तूनच्या शिलालेखात स्वतःलाच राजांचा राजा म्हणवून घेतो तो हाच शब्द. त्याचा धातू आणि संस्कृतातल्या क्षत्रचा धातू एकच, सत्ता चालवणे. क्षत्रिय त्यातलाच. आणि क्षत्रप म्हणजे इराणी सम्राटाचा सुभेदार, तोही त्याच रक्ताचा. ही पदवी आपल्या नाशकापर्यंत आली होती, शक राजा नहपान हा असाच क्षत्रप. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, आणि त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, नहपानाच्या तोंडावरच. मात म्हणतात ती ही.

म्हणून पेपरात "दिल्लीचा प्रादेशिक क्षत्रपांना शह" असा मथळा आला की मी चहा बाजूला ठेवतो. शह तोच, क्षत्रप तोच, एकाच आजोबांचे दोन नातू एकमेकांसमोर उभे आणि मथळा देणाऱ्याला पत्ताच नाही.

हां, तुमची नोटीस. "आपला चेक वटला नाही, तरी खात्यातील शिल्लक पाहून नवीन चेक द्यावा." चेकच्या जागी धनादेश लिहिलंत तरी माझी हरकत नाही, फक्त तो ठ काढा.