आधी नाव कमी करायला जाऊ नका ताई, फॉर्म ८ भरा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०२४ चा एप्रिल जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर वडोदऱ्यातच अकोट्याहून मांजलपूरला आलात, मतदार यादीत नाव अजून माहेरच्या पत्त्यावर आहे, आणि कुणीतरी सांगितलं की आधी फॉर्म ७ भरून तिकडचं नाव कमी करा, मग इकडे फॉर्म ६ भरून नवीन टाका. थांबा. अजून भरला नसेल तर फॉर्म ७ ला हात लावू नका. मी नेमकं हेच केलं आणि लोकसभेचं मत गेलं.

लॉगिन कसं करायचं, फोटो कसा लागतो वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला येत असेलच. मला एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय.

आम्ही रावपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून २०२३ मध्ये मांजलपूरला फ्लॅट घेतला. लोकसभा तीच, वडोदरा, पण विधानसभा बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी एका कचेरीत गेले, कुठल्या ते लिहीत नाही, आता तिथली माणसंही बदलली असतील. खिडकीतल्या भाईंनी माझं मतदार कार्ड घेतलं, मागचा पत्ता वाचला आणि म्हणाले, "बेन, विधानसभा बदलाई गई ने, तो छ नंबर भरो." वर हेही सांगितलं की दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे, म्हणून जुनं आधी काढा. मी घाबरले. तिथेच स्टुलावर बसून दोन्ही फॉर्म भरले, ७ आणि ६. पत्त्याला पुरावा काय तर लाइटबिल, जे अजून आधीच्या मालकाच्या नावावर होतं, तेही "चालसे" म्हणाले. मी पावत्या पर्समध्ये टाकून घरी आले, काम झालं म्हणून निवांत.

आता त्यांचं चुकलं कुठे ते नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच सांगणारे भेटतायत. त्यांनी सांगितला तो जुना नियम होता. पूर्वी एका विधानसभेतून दुसरीत गेलं की फॉर्म ६ भरावा लागायचा आणि त्याच विधानसभेत घर बदललं तर ८अ. १ ऑगस्ट २०२२ पासून फॉर्मच बदलले. ८अ गेला, फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी उरला, आणि घर बदलणं, नावातली चूक, हरवलेलं कार्ड, अपंगत्वाची नोंद हे सगळं एका फॉर्म ८ मध्ये आलं. विधानसभा बदलली तरी फॉर्म ८ च. त्यात जुन्या कार्डाचा नंबर द्यायचा, म्हणजे नवीन ठिकाणी नाव चढलं की जुनी नोंद तेच लोक काढतात. दोन ठिकाणी नाव नको हे बरोबरच आहे, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ त्यासाठीच आहेत. पण फॉर्म ८ रीतसर भरणाऱ्याला त्याची भीती बाळगायचं काही कारण नाही.

माझं काय झालं तर फॉर्म ७ झटपट मंजूर. मार्चमध्ये रावपुऱ्याच्या यादीतून नाव गेलं. फॉर्म ६ मात्र नामंजूर, बीएलओ, म्हणजे आपल्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारे, घरी आले तेव्हा फ्लॅटला कुलूप, दोघंही नोकरीवर, आणि लाइटबिलावर नाव भलत्याचंच. मेसेज गेला माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर, कारण फॉर्मवर सवयीने तोच लिहिला होता. मला कळलं १२ एप्रिलला, तेही एका मैत्रिणीने "तुझं नाव बघितलंस का" म्हणून विचारलं तेव्हा कार्डाचा नंबर टाकून शोधलं म्हणून. काहीच सापडेना. मांजलपूर नाही, रावपुरा नाही, कुठेच नाही.

गुजरातला मतदान ७ मे ला होतं, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख १९ एप्रिल. लोकांना वाटतं मतदानाच्या आदल्या आठवड्यापर्यंत नाव घालता येतं. तसं नाही. उमेदवारी भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि आलेल्या अर्जावर कुणाची हरकत आहे का यासाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज धरतात. म्हणजे ९ एप्रिल. मी तीन दिवसांनी चुकले. परत त्याच कचेरीत गेले तर दुसऱ्या खिडकीत जा, मग सोमवारी या, मग "ऑनलाइन बघा". आपण सांगितलेलं चुकलं एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही, त्याचा राग अजून येतो.

आणि याच घरात ह्यांना कचेरीत जायला वेळ नव्हता म्हणून ह्यांनी मार्चमध्ये रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवरून फॉर्म ८ भरला, घराच्या रजिस्टर्ड दस्तऐवजाची कॉपी जोडली, बीएलओबेनना फोन करून रविवारी सकाळी बोलावलं, आणि नाव आलं. दस्तऐवज दोघांच्या नावावर होता हो, मलाही तोच जोडता आला असता. ७ मे ला मी ह्यांच्याबरोबर शाळेपर्यंत गेले. कार्ड माझ्या हातात होतं. पण यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग नाही, आणि नाव असेल तर कार्ड नसलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट असली इतर ओळखपत्रं चालतात. ह्यांच्या बोटाला शाई लागली आणि मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी.

तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की नामंजुरीविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरकडे अपील करता येतं. नंतर जूनमध्ये मी नव्याने अर्ज केला, पत्त्याला दस्तऐवज जोडला, आणि नाव आलं.

मी वकील नाही, निवडणूक खात्यातही नाही, नियम पुन्हा बदलू शकतात म्हणून भरण्याआधी १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून खात्री करा. पण माझं स्पष्ट मत आहे की कचेरीच्या खिडकीपेक्षा बीएलओ बरे. ते बहुतेक शाळेतले शिक्षक नाहीतर अंगणवाडीच्या बेन असतात, स्वतःची नोकरी सांभाळून दारोदार फिरतात, नीट बोललं तर खूप मदत करतात. त्यांचा नंबर निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतो. तुम्ही दिवसा घरी नसता तर आधीच सांगून ठेवा, शेजारच्या काकूंनाही सांगा की बीएलओ आले तर "हो, ह्या इथेच राहतात" म्हणावं. आणि मोबाईल नंबर चालू असलेलाच द्या, हे परत परत सांगते.

तुमचं नाव-आडनावही लग्नानंतर बदललंय का? मग गुजराती स्पेलिंग स्वतः तपासा. इंग्रजीवरून आपोआप गुजराती होतं तेव्हा आपल्या आडनावांची वाट लागते, आमच्या नात्यात काळ्यांचं "काले" झालंय. म्हणून यादीत शोधताना नावाने नको, कार्डाच्या नंबराने शोधा. नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली, त्यात २००२ च्या यादीशी नावं जुळवली, त्यामुळे फॉर्म ८ च्या आधी अकोट्याच्या यादीत तुमचं नाव आज आहे ना ते बघा. तिथून कमी झालं असेल तरच फॉर्म ६ चा विचार, तोही बीएलओंना विचारून.

घरात कुणी ८५ च्या वरचं आहे का? माझ्या सासूबाईंनी २०२४ ला घरूनच मत दिलं. त्यासाठी फॉर्म १२डी लागतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांतच द्यावा लागतो, बीएलओ आणून देतात. टीम घरी आली, पुठ्ठ्याचा आडोसा जेवणाच्या टेबलावर मांडला, सासूबाई नऊवारी नेसून तासभर आधीच तयार होऊन बसल्या होत्या.

तर कार्डाचा नंबर टाकून आधी शोधा आणि अकोट्याला काय दिसतंय ते इथे लिहा. फक्त नंबर इथे टाकू नका.