वाळवंटातलं अन्नजाळं वाळक्या काडीपासून काढा

मडगावच्या ताईंनी विचारलंय: लेकीच्या अकरावीच्या प्रकल्पात थरच्या वाळवंटाची अन्नसाखळी दिलीय, गवत–टोळ–सरडा–साप–गरुड. पण वर्षातला बराच काळ तिथे हिरवं गवतच नसतं, मग हे सगळे जगतात कशावर?

ताई, शंका रास्त आहे. थरमध्ये उन्हाला तोटा नाही, ऊन पकडणाऱ्या पानाला पाणी नाही. आपल्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, जैसलमेरला 200 च्या आत-बाहेर, तोही मोजक्या सरींत. सर पडली की सेवण गवत उठतं, बी धरतं, वाळतं. मग पुढच्या पावसापर्यंत बराचसा कारभार त्या शिल्लकीवर. बिया मुंग्या नि जर्बिल उंदीर नेतात, काड्या वाळवी.

जैसलमेरजवळ मी एक वाळकी काटकी उचलली, तर हातात नुसती मातीची नळी आली. आतलं लाकूड केव्हाच फस्त. सातेरीच्या देवळात आपण जिच्यापुढे हात जोडतो, त्या रोयणीची, म्हणजे वारुळाचीच, वाळवी ही भावकी! आपल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, पान गळलं की कुर्ल्या ते फाडतात, बुरशी-जिवाणू कुजवतात, त्यावर सुंगटं (कोळंबी) पोसतात. थरात कुजायला ओल नाही, म्हणून वाळवी ते काम पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घेते. आणि वाळवीवर टपलेले किती! सरडे, विंचू, पाखरं, कोल्हेसुद्धा.

परिसंस्थेचे अभ्यासक लिंडेमन यांच्या 1942 च्या कामातून आलेला दहा टक्क्यांचा नियम लेकीला पाठ असेलच: एका पायरीच्या ऊर्जेतला दहावा हिस्साच पुढच्या पायरीला मिळतो. तो ढोबळ आहे. कोल्ह्यासारखा उष्ण रक्ताचा प्राणी खाल्लेलं बहुतेक अंग गरम ठेवण्यात जाळतो, वाढीला जेमतेम दोन-तीन टक्के उरतात. विंचवाचा तो खर्चच नाही, शिवाय महिनोन्‌महिने उपाशी राहायची तयारी. त्यामुळे तुटपुंज्या ऊर्जेतही वरच्या पायऱ्या टिकतात. वाळवंटी जीवांचे अभ्यासक गॅरी पोलिस यांनी 1991 साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्याचं जाळं मांडलं, त्यात विंचवाच्या एकाच जातीचं भक्ष्य शंभरावर जातींचं होतं. त्यात त्याच जातीचे विंचूही आले, तेव्हा तिथे एक बाण स्वतःकडेच वळवावा लागेल.

आणि हो, सांडा सरडा असला तरी मोठेपणी मुख्यतः पाला खातो. त्याला टोळाच्या वर बसवू नका, थेट झुडपाला जोडा. त्याच्यावर ससाणा.