लेथ सुरू करण्याआधी

नवीन लेथ (लाकूड फिरवत ठेवून हत्याराने आकार द्यायचं यंत्र) घरी आली की लगेच लाकूड चढवावंसं वाटतं. पण आधी ती नीट बसवा. स्पिंडलची, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याची, उंची तुमच्या कोपराइतकी हवी; त्याहून खाली असेल तर थोड्याच वेळात पाठ भरून येते. स्टँड हलका असेल तर खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा, थरथर बरीच कमी होते.

मग टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) हेडस्टॉकजवळ (स्पिंडल असलेल्या भागाजवळ) आणा आणि दोन्ही सेंटरची, म्हणजे लाकूड धरणाऱ्या टोकदार तुकड्यांची, टोकं एकमेकांना भिडतात का पाहा. चुकत असतील तर आधी सेंटर बसतात ती टेपरची (निमुळती) भोकं आणि बेड, म्हणजे टेलस्टॉक ज्यावर सरकतो तो पाया, कापडाने पुसा. पुष्कळदा आत अडकलेला भुसाच कारण असतो.

सगळ्यात जास्त लक्ष टूल रेस्टकडे, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या आधाराकडे, द्या. लाकूड आणि रेस्ट यांच्यात ३ ते ६ मिलिमीटर अंतर पुरे. लाकूड बारीक होत जातं तसं अंतर वाढतं आणि हत्यार अडकून उसळण्याचा धोकाही. म्हणून रेस्ट पुन्हा पुन्हा जवळ घ्या, पण लेथ पूर्ण थांबल्यावरच. रेस्टच्या कडेला खाचा पडल्या असतील तर कानशीने घासून काढा, नाहीतर हत्यार सरकताना अडखळतं.

वेगासाठी साधा हिशेब: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे ६००० ते ९००० च्या दरम्यान. म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. ओबडधोबड तुकडा त्याहूनही हळू फिरवा.

हातमोजे नकोत, फेस शील्ड हवीच. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघा, आणि दाबताना बाजूला उभे राहा.