एम.एस्सी. भूविज्ञान : प्रवेश कोणाला, पदवी कधी?

निकालाचे दिवस जवळ आले की भूविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाबद्दल प्रश्न येऊ लागतात. या वेळी आलेल्यांपैकी सहा निवडले आहेत. बहुतेकांनी टक्क्यांची काळजी केली आहे. पण या विषयात गाडी टक्क्यांपेक्षा बी.एस्सी.ला घेतलेल्या विषयांवर अडते, आणि ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

प्रश्न : मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो आहे, शेवटचे वर्ष आहे. ट्रेकिंगमुळे खडकांची गोडी लागली. ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेत भूविज्ञानाचा पेपर देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येईल का?

पेपर देता येईल, पण प्रवेश मिळेलच असे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दर वर्षी मुले इथेच फसतात. ‘जॅम’ला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, वयाचीही अट नाही. प्रवेश देताना मात्र संस्था प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतःची पात्रता तपासते. आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूविज्ञानासाठी पदवीला तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, भूविज्ञान शिकलेले असावे लागते. शिवाय गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांपैकी दोन विषय लागतात. तुमच्याकडे दुसरी अट आहे, पहिली नाही. राज्यातल्या विद्यापीठांतही भूविज्ञान विभाग बहुधा बी.एस्सी.ला हा विषय असलेल्यांनाच घेतात.

ही अट मला योग्य वाटते. एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज हे खनिज ओळखायला सांगतात. त्यामागे दोन-तीन वर्षे खनिजे हातात घेऊन पाहण्याचा सराव गृहीत धरलेला असतो.

म्हणून वाट बंद झाली असे मानू नका. भौतिकशास्त्र आणि गणित झालेल्यांसाठी भूभौतिकशास्त्र खुले असते. बनारस हिंदू विद्यापीठाचा तीन वर्षांचा एम.एस्सी. (टेक.) भूभौतिकशास्त्र अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे. रसायनवाल्यांनी सागरविज्ञान आणि पर्यावरणविज्ञान या विभागांची पात्रता वाचावी. आणि जे अजून बारावीत आहेत त्यांनी पदवीला भूविज्ञान शिकवणारे महाविद्यालय आताच शोधावे. पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे सेंट झेवियर्स अशी ठिकाणे मोजकीच आहेत.

प्रश्न : ‘जॅम’, सीयूईटी-पीजी की विद्यापीठाची प्रवेश परीक्षा? तिन्ही द्याव्यात का?

झेपत असेल तर हो. ‘जॅम’ साधारण फेब्रुवारीत होते, अर्ज मात्र आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो. गणपती-दसऱ्याच्या गडबडीत ही तारीख हमखास हुकते. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. एकच अचूक पर्याय असलेल्या तीस प्रश्नांना उत्तर चुकले तर गुण वजा होतात. उरलेल्या तीस प्रश्नांना, म्हणजे अनेक पर्याय बरोबर असलेले दहा आणि आकड्यात उत्तर लिहायचे वीस, वजाबाकी नाही. आपली मुले आकड्यांचे प्रश्न सोडून देतात. तसे करू नका. थरांची नती (म्हणजे उतार) आणि जाडीची गणिते, खनिजाचे सूत्र, छिद्रतेचे आकडेमोडीचे प्रश्न रोज दोन-तीन सोडवलेत की याच भागात गुण मिळतात.

सीयूईटी-पीजी प्रामुख्याने केंद्रीय विद्यापीठांसाठी असते. पुणे, नागपूर, नांदेड किंवा गोवा विद्यापीठात जायचे असेल तर त्या-त्या विद्यापीठाची सूचना वेगळी वाचावी लागते. एका परीक्षेचे गुण सगळीकडे चालतात असे धरून बसू नका.

प्रश्न : मी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेते आहे. पुढे एक वर्षाची एम.एस्सी. करू की तीन वर्षांनंतरच बाहेर पडून दोन वर्षांची?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन्ही मार्ग आहेत. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एम.एस्सी., साधारण ८० ते ८८ क्रेडिटची. किंवा चार वर्षांनंतर एका वर्षाची, त्याच्या निम्म्या क्रेडिटची. वर्षे दोन्हीकडे पाचच. दोन वर्षांच्या मार्गावर पहिले वर्ष पूर्ण करून थांबलात तर पदव्युत्तर पदविका मिळते.

तुम्ही एकच गोष्ट तपासा : चौथ्या वर्षी तुमच्या महाविद्यालयात फील्डवर्क आणि प्रयोगशाळा किती आहे? ते भरपूर असेल तर तिथेच राहा. नसेल तर तीन वर्षांनी चांगल्या विभागात जा, कारण एका वर्षाच्या एम.एस्सी.त पावसाळा आणि परीक्षा वगळल्या तर डोंगरात जायला एकच हिवाळा उरतो.

प्रश्न : माझी मुलगी भूविज्ञानात एम.एस्सी.ला प्रवेश घेणार आहे. दहा-पंधरा दिवस परराज्यात फील्डवर जाणे सक्तीचे आहे म्हणतात. त्यातून सूट मिळते का? आणि खाणीत मुलींना घेत नाहीत हे खरे का?

ताई, सूट मिळते का हे विचारण्याआधी फील्ड कशासाठी असते ते सांगतो. आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी सह्याद्रीत कितीही हिंडला तरी त्याला वळ्या पडलेले शिस्ट खडक दिसत नाहीत, चुनखडीतले अमोनाइटचे जीवाश्म सापडत नाहीत. त्यासाठी भंडारा-नागपूरच्या जुन्या खडकांकडे, चंद्रपूरच्या कोळशाकडे, कच्छला, तमिळनाडूत अरियालूरला किंवा राजस्थानात झावरच्या जस्त-शिशाच्या खाणींकडे जावे लागते. फील्डचे गुण असतात, अहवाल लिहावा लागतो, तोंडी परीक्षा असते. ते चुकले तर पदवी अडते. अडली नाही, तरी ती अपुरीच राहते.

खाणींबद्दल तुम्ही ऐकले ते एके काळी खरे होते. १९५२च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई होती. २०१९मध्ये केंद्राने ती शिथिल केली. तेव्हा तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, जिथे सतत खाली थांबावे लागत नाही तिथे, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत लेखी संमतीने स्त्रियांना जमिनीखाली काम करता येऊ लागले. तुमच्या मुलीची पिढी या बदलानंतरची आहे. विभागाला मुक्काम कुठे आहे, सोबत शिक्षिका आहेत का, जवळचे रुग्णालय किती लांब, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. मग निर्धास्तपणे पाठवा, आणि पायात घोट्यापर्यंतचे चांगले बूट असू द्या.

प्रश्न : जिओइन्फर्मेटिक्समध्ये (नकाशे आणि उपग्रह-प्रतिमांचे संगणकावरचे काम) एम.एस्सी. केली तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते का?

अर्ज करण्यापूर्वी पदवीचे नाव पाहा. संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षेच्या अधिसूचनेत चालणाऱ्या पदव्या नावानिशी दिलेल्या असतात. भूवैज्ञानिक पदासाठी भूविज्ञान, उपयोजित भूविज्ञान, खनिज अन्वेषण, अभियांत्रिकी भूविज्ञान, सागरी भूविज्ञान, भूरसायनशास्त्र अशी नावे त्यात आहेत, जिओइन्फर्मेटिक्स नाही. केंद्रीय भूजल मंडळातल्या जलभूवैज्ञानिक पदाची यादी आणखी आखूड आहे. उलट, भूभौतिकतज्ज्ञ पदासाठी भौतिकशास्त्राचे एम.एस्सी.ही चालतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

जिओइन्फर्मेटिक्स उत्तम विषय आहे, नोकऱ्याही देतो. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेतली नोकरी हेच ध्येय असेल तर भूविज्ञानात पदवी घ्या आणि उपग्रह-प्रतिमांचे काम ऐच्छिक विषय म्हणून शिका.

प्रश्न : एम.एस्सी.चे शेवटचे सत्र सुरू झाले. प्रबंधिकेचा विषय ‘तालुक्यातील भूजलाची गुणवत्ता’ असा ठरला आहे, अजून नमुने घेतलेले नाहीत. वेळेत होईल का?

होईल, पण विषय आजच लहान करा. राज्यातल्या नव्या आराखड्यात संशोधन प्रकल्पाला बहुतेक ठिकाणी तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिट आहेत. अख्खा तालुका त्यात बसत नाही. एक पाणलोट घ्या, ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीस विहिरी निवडा. पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान विहिरीवरच मोजा, कारण बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी बदलते. प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि खडकाचा थर लिहा. सच्छिद्र बेसाल्ट आहे की घट्ट काळा कातळ, यावर तुमचे अर्धे उत्तर अवलंबून आहे. शेतकऱ्याला खत कोणते, किती घालतो तेही विचारा. नायट्रेटचा आकडा आल्यावर त्याची गरज लागेल. धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज जुळते का हे पाहिल्याशिवाय आलेख काढू नका. फरक पाच टक्क्यांहून जास्त आला तर विश्लेषण पुन्हा करा.

माझ्या एका विद्यार्थ्याने खडकांचे अडतीस नमुने आणले होते. पिशव्यांवर फक्त पेनने आकडे टाकलेले, वाटेत पाऊस लागला, शाई धुऊन गेली. फील्ड डायरीत जागा नोंदवल्या होत्या, पण कोणती पिशवी कुठली हे सांगता येईना. एप्रिलच्या उन्हात तो पुन्हा सगळीकडे गेला आणि त्याची पदवी एक सत्र लांबली. म्हणून बाटलीवर आणि झाकणावर, दोन्हीकडे, न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घाला, तोच डायरीत लिहा आणि त्याच संध्याकाळी पानाचा फोटो मार्गदर्शकांना पाठवा. पहिल्या पाच विहिरी येत्या रविवारी उरका.