एक पेढा खाल्ला, डाएट मोडलं... आता?

गेली कित्येक वर्षं माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. "मॅडम, मी डाएट सुरू करते, आठ-दहा दिवस अगदी कडक पाळते, मग एक दिवस कुठेतरी मोडतं आणि त्यानंतर सगळंच सुटतं, मला विलपॉवरच नाहीये." बायका म्हणतात, पुरुष म्हणतात, कॉलेजातली पोरं म्हणतात, परवा तर एक रिटायर्ड गृहस्थ हेच म्हणाले. बऱ्याच जणांना वाटतं हा प्रश्न आहारतज्ज्ञांचा, यात समुपदेशकाचं काय काम? पण काय खावं हे आज जवळपास सगळ्यांना माहीत असतं हो. दीक्षितांचं दोनदाच जेवायचं डाएट करू की दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं खायचं, यावर घराघरात तासन्‌तास चर्चा झाल्यात, दोन्हीने फायदा झालेले लोक मी बघितलेत आणि दोन्ही मधेच सोडून दिलेलेही बघितलेत. अडतं ते माहितीपाशी नाही, मोडल्यानंतरच्या दोन-चार तासांपाशी अडतं. हे मला एका बाईंबरोबर काम करताना जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. (त्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका. वय बेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ७६ किलो. थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल, पण साखर काठावर आलीये असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि आईला डायबेटीस असल्यामुळे ते ऐकून त्या चांगल्याच घाबरल्या होत्या. पहिल्या भेटीत पर्समधून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. शाळेतलीच लांब वही, लाल पेनने आखलेले रकाने, वजन, नाश्ता, जेवण, चालणं, पाणी. दर वेळची सुरुवात सोमवारी. कीटो, जीएम डाएट, सोळा तासांचा उपास, सकाळी कोमट पाणी-लिंबू-मध, सगळं करून झालेलं. आणि प्रत्येक प्रयत्नात आठव्या-नवव्या दिवसानंतर कोरी पानं. मग पुन्हा कुठल्यातरी सोमवारी नवे रकाने.

"बघा," त्या म्हणाल्या, "ही माझी विलपॉवर."

मी विचारलं, "यातल्या एका कोऱ्या पानाच्या आदल्या दिवशी काय झालं ते सांगाल? कुठलाही एक दिवस घ्या."

आठवायला त्यांना वेळ लागला नाही. एका सहकारी शिक्षिकेचा मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला होता, स्टाफरूममधे कंदी पेढे आले. साताऱ्यात पेढ्याला नाही म्हणणं किती अवघड असतं हे तिथल्या माणसालाच कळेल. त्यांनी एक खाल्ला. आणि संध्याकाळी घरी आल्यावर फ्रीजमधे असलेला पेढ्यांचा पुडा उघडला आणि अर्धाअधिक संपवला, उभ्याउभ्या, फ्रीजचं दार उघडं ठेवून.

"पेढा किती वाजता खाल्ला?"

"साडेअकराला, मधल्या सुट्टीत."

"आणि पुडा?"

"पाच-सव्वापाच."

"मधले साडेपाच तास काय चाललं होतं?"

"काही नाही. तास घेतले, वह्या तपासल्या."

"मनात?"

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मनात स्वतःला बोलत होते. बेचाळीस वर्षांची घोडी झालीस, साधा पेढा बाजूला ठेवता येत नाही तुला. तुझ्याच्याने आयुष्यात काही होणार नाही."

आणि मग माझ्या तोंडून तो प्रश्न आला जो मी आता प्रत्येकाला विचारते. "त्या दिवशी डबा खाल्लात?"

"नाही. तसाच परत नेला. पेढा खाल्ला ना, मग म्हटलं आता जेवायचं नाही, तेवढं तरी भरून निघेल."

इथे मी थांबले. सकाळी सातचा नाश्ता, साडेअकराचा एक पेढा, त्यानंतर पाचपर्यंत पोटात काही नाही, आणि डोक्यात दिवसभर स्वतःला शिव्या. पाच वाजता त्या माणसाने फ्रीजसमोर दुसरं काय करावं? मी त्यांना विचारलं, "तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं पेपरातलं पहिलंच गणित चुकलं तर तुम्ही त्याला काय सांगता? आता बाकीची सोडवूच नकोस, आणि डबाही खाऊ नकोस?"

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उपाशी पोरगं शिकत नाही मॅडम. हे मी पालकांना कितीदा सांगितलंय. आणि मी स्वतःला..." पुढे बोलता येईना. मग डोळे पुसून एकदम स्पष्ट म्हणाल्या, "म्हणजे पेढ्याने माझं डाएट मोडलंच नव्हतं. मी दिलेल्या शिक्षेने मोडलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. समुपदेशकाने उत्तर सांगायचं नसतं, माणसाला त्याच्या उत्तराच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं असतं, आणि त्या दिवशी ते जमलं याचं मला आजही समाधान आहे.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, त्यांनी ती १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधे मांडायला सुरुवात केली. थोडक्यात सांगायचं तर घडलेली गोष्ट आपल्याला जितकी पाडत नाही तितकी त्या गोष्टीबद्दलची आपली अट्टाहासी समजूत पाडते. पेढा खाल्ला ही घटना. "माझ्याकडून चूक होताच कामा नये, आणि झाली म्हणजे मी नालायक" ही समजूत. आणि या समजुतीचा परिणाम म्हणजे आधी उपास, मग पुडा. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला दुसरा कुठलाही सल्ला देण्याआधी मी हे तीन भाग वेगळे करून दाखवते.

हे नुसतं माझं मत नाही. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने आईस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. ज्या एरवी खाण्यावर निर्बंध ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोट भरलेलं. पण ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवून होत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं! एकदा मोडलंच आहे तर आता काय राहिलंय, हा तो विचार. आणि नुसत्या उपाशी राहण्याने काय होतं तेही बघा, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट, मनाने खंबीर म्हणून निवडलेल्या तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं होतं, तर त्यांना दिवसरात्र खाण्याशिवाय काही सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, आणि पुन्हा खायला मिळाल्यावर कितीही खाल्लं तरी भागेना. त्यांना विलपॉवर नव्हती असं कोण म्हणेल?

तर पुढच्या भेटीपर्यंतचा गृहपाठ मी असा दिला की आता मुद्दाम मोडा. स्टाफरूममधे काहीही गोड आलं की एक घ्या, सगळ्यांसमोर, बसून, चव घेत खा. डबा ठरलेल्या वेळी पूर्ण खा. आणि संध्याकाळी काय झालं ते वहीत लिहा. त्या जाम घाबरल्या, "मॅडम, मी सुटले तर?" म्हटलं सुटलात तरी आपल्याला काहीतरी कळेलच की. पंधरा दिवसांनी आल्या, वाढदिवसाचा बालूशाहीचा तुकडा खाल्ला होता, दुपारी भाकरी-मटकी-काकडी जेवल्या, घरी येऊन चहा घेतला. "आणि काहीच झालं नाही," हे सांगताना चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते बघण्यासारखं होतं.

काट्याशी त्यांची वेगळीच भानगड होती, दिवसातून तीनदा वजन करायच्या आणि अर्धा किलो वर दिसलं की दिवस खराब. तिथे मी सरळ आकडेमोड केली. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका पेढ्यात धरा शंभरेक. म्हणजे पेढ्यांनी किलोभर चरबी वाढवायची तर रोजचं जेवण सोडून वर एकूण पाऊणशे पेढे खायला लागतील. मग लग्नात जेवून आल्यावर सकाळी काटा किलोभर वर का जातो? ते बहुतांशी पाणी. शरीर स्नायूत आणि यकृतात ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली की आणखी. आणि हेच उलट्या बाजूनेही खरंय बरं का, कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो "उतरले" म्हणून पेढे वाटू नका, त्यातही बरंचसं पाणीच असतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच वेळी वजन करायचं आणि महिन्याचा कल बघायचा. सोबत कमरेचा घेर मोजायचा, भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात, आपल्या लोकांची चरबी पोटावर जास्त साठते त्यामुळे टेप काट्यापेक्षा खरं बोलते.

आहाराचं मी फार बोलत नाही, त्यासाठी त्यांना आहारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. पण ताटाची एक गोष्ट सांगते कारण ती सोपी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधे जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं असं आहे. आपल्याकडे होतं काय, भात-पोळी निम्म्याहून जास्त, भाजी वाटीभर आणि कोशिंबीर असली तर चमचाभर. बाईंनी फक्त प्रमाण बदललं. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी वाढून घ्यायची, मग उसळ किंवा वरण, अंडं, ताक, आणि शेवटी भाकरी. भात बंद केला नाही, एक मूद ठेवली. संकष्टीची साबुदाणा खिचडी हाही मोठा गैरसमज, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, त्यामुळे उपास केला म्हणून वजन उतरेल अशी आशा धरू नये. आणि रात्री ओटा आवरताना पातेल्यात उरलेला भात "टाकवत नाही" म्हणून खाऊन टाकणं, हे तर वहीत कधीच लिहिलेलं नसायचं. त्यावर उपाय त्यांच्या सासूबाईंनीच काढला, भाताचं मापटं लहान केलं. मला हे फार आवडलं, कारण तोपर्यंत घरात सगळे सल्ले देत होते, बदल असा कोणी केला नव्हता.

व्यायामातही तोच हट्ट सापडला. पाऊण तास चालायला जमलं तर चालणं, नाहीतर शून्य. मी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि २०२० च्या शिफारशींमधे सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत ही अटसुद्धा काढून टाकलीये. मग मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या, संध्याकाळी भाजी आणायला चालत, असं जमायला लागलं आणि रविवारी मुलीबरोबर अजिंक्यतारा. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून दंड. हे स्नायूंसाठी, चाळिशीनंतर ते आपोआप कमी होत जातात आणि बायका नेमकं हेच टाळतात. एक मात्र लक्षात ठेवा, नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरत नाही, अर्ध्या तासात फार तर शंभर-दीडशे कॅलरी जातात. चालायचं ते साखर, हृदय, झोप आणि मूडसाठी, आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून.

आठ महिन्यांत ७६ चे ७० झाले. इंटरनेटवरच्या जाहिरातींपुढे हा आकडा कुणाला किरकोळ वाटेल. पण वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबात चांगला फरक पडतो आणि त्यांचा साखरेचा रिपोर्ट डॉक्टरांना आवडला. मला मात्र वहीतलं जास्त आवडलं, त्यात मधेमधे "आज मोडलं, रात्री नीट जेवले" अशा ओळी होत्या आणि खाली पुढचे दिवस भरलेले.

हे वाचून कुणाला आपलीच गोष्ट वाटली तर आधी एवढंच करा, मोडल्यानंतरचं पुढचं जेवण चुकवू नका. सोमवारची वाट बघू नका, पुढचं जेवण कधी आहे ते बघा. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. आणि चोरून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, खाल्ल्यावर स्वतःला इजा करावीशी वाटणं यातलं काही होत असेल तर ते डाएटच्या पलीकडचं आहे, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, लाजू नका, यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

दिवाळीच्या आधी बाई जरा बिचकल्या होत्या. आम्ही बसून ठरवलं की फराळ ताटात घेऊन खायचा, डब्यातून नाही, आवडती चकली आणि करंजी ठेवायची, न आवडणारी शंकरपाळी भिडेखातर खायची नाही. दिवाळीनंतर त्यांचा मेसेज आला, "सव्वा किलो वाढलंय, आज मटकीची उसळ केलीये." ना रडकं इमोजी, ना सॉरी मॅडम. त्यानंतरच्या भेटीत वजनाचा विषयच निघाला नाही, पूर्ण वेळ मुलीच्या दहावीवर बोललो.