राजमा मऊ झाला, पण शिजला का?

प्रश्न : पाच तास भिजवलेला राजमा रात्री स्लो कुकरमध्ये मंद आचेवर आठ तास ठेवला. सकाळी दाणे अगदी मऊ होते. तरी खाल्ल्यावर दोन तासांत तिघांनाही जोरात उलट्या झाल्या, मग जुलाब. राजमा नासला होता का?

उत्तर : नासला नसावा, तो कच्चा राहिला असावा. मऊ दाणा कच्चा कसा, हेच इथे नीट समजून घ्यायला हवं. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. ते एक प्रथिन आहे आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना चिकटून त्यांना इजा करतं. दाणा मऊ होतो तो आतला स्टार्च फुगून आणि पेशींना जोडणारं पेक्टिन सुटून. त्यासाठी उकळीपेक्षा कमी तापमान बराच वेळ मिळालं तरी पुरतं. लेक्टिन मोडायला मात्र १०० अंशांची खळखळती उकळी लागते. मंद आचेवरच्या स्लो कुकरमध्ये दाण्यांचं तापमान पुष्कळदा ७५-८० अंशांच्या वर जातच नाही. त्यातून ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत जास्त विषारी ठरू शकतो, असं दिसून आलेलं आहे. म्हणजे आठ तासांनी काम बिघडवलं, सुधारलं नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून : या विषाची मोजणी हिमॅग्लुटिनेटिंग एककांत (ते रक्तपेशींना किती एकत्र चिकटवतं, यावरून) करतात. कच्च्या लाल राजम्यात ती २०,००० ते ७०,००० भरतात, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. मळमळ आणि उलट्या एक ते तीन तासांत सुरू होतात, मागाहून जुलाब, काहींना पोटात कळा. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून तीन-चार तासांत उतार पडतो. यावर उतारा असं औषध नाही, शरीरातलं पाणी टिकवणं हाच उपचार. ओआरएस घोट-घोट द्या. घोटही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, जुलाबात रक्त दिसलं किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती वा वृद्ध असेल, तर घरी वाट पाहू नका.

प्रश्न : मग नेमकं किती भिजवायचं, किती उकळायचं?

उत्तर : एक वाटी राजम्याला तीन-चार वाट्या पाणी घेऊन किमान पाच तास भिजवा, रात्रभर ठेवलात तर उत्तम. उकाडा असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं. भिजलेला दाणा सुरीने चिरून पाहा : मध्ये पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ द्या, कारण कोरड्या गाभ्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते. भिजवलेलं पाणी ओतून द्या. त्यात थोडं लेक्टिन आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करा उतरलेल्या असतात. दाणे धुऊन नवं पाणी घाला, दाण्यांच्या वर तीन-चार बोटं राहील इतकं.

आता आच मोठी. पाणी खळखळायला लागलं की घड्याळ लावा, गॅस पेटवल्यापासून नव्हे. लेक्टिन मोडायला पूर्ण १०० अंशांवर १० मिनिटं लागतात, पण गाभ्यापर्यंत खात्रीने उष्णता पोचावी म्हणून ३० मिनिटं उकळा, असा सल्ला अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ देतात. आम्हीही ३०च म्हणू, दहा मिनिटांत फक्त गॅस वाचतो. फेस वर येईल तो काढा, पाणी कमी झालं तर उकळतंच घाला. त्यानंतर मंद आचेवर, हवं तर स्लो कुकरमध्ये, मऊ होईपर्यंत शिजवा. उंच डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळतं (३,००० मीटरवर साधारण ९० अंशांना), तिथे प्रेशर कुकरच वापरावा.

प्रश्न : प्रेशर कुकरमध्ये थेट लावला तर?

उत्तर : चालतं, आणि हीच सगळ्यात बिनघोर पद्धत. आत सुमारे १२० अंश तापमान असतं. भिजवून, पाणी बदलून लावा. पूर्ण दाब आल्यावर आच कमी करून १५-२० मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळाने होते. अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका : फेस आणि सुटलेली सालं वाफेच्या वाटेत अडकतात.

प्रश्न : मोड आणले किंवा भाजून पीठ केलं, तर उकळायची गरज उरत नाही ना?

उत्तर : उरते. मोडांनी लेक्टिन घटतं, संपत नाही. कोरड्या भाजण्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. कच्च्या राजम्याचं पीठ घट्टपणासाठी वरून भुरभुरवणं हा सर्वांत वाईट प्रकार. मायक्रोवेव्हमध्ये अर्धवट गरम करून चव बघणंही नको.

प्रश्न : हे सगळ्या कडधान्यांना लागू आहे?

उत्तर : सारख्या प्रमाणात नाही. पांढऱ्या राजम्यात लेक्टिन लाल राजम्याच्या साधारण एक-तृतीयांश असतं, तरी उकळायची पद्धत तीच ठेवा. हिरव्या फरसबीची जातही राजम्याचीच, तीही कच्ची खाऊ नये. मूग, मसूर, हरभरा यांत हा धोका फारच कमी. डबल बीचा प्रश्न निराळा : तिच्यात सायनाइड सुटणारा घटक असतो, म्हणून ती झाकण न ठेवता उकळून पाणी टाकून द्यावं. डब्यातला शिजवलेला राजमा कारखान्यातच दाबाखाली शिजलेला असतो, तो थेट वापरता येतो.

प्रश्न : तासभर उकळूनही दाणे टणकच राहतात.

उत्तर : दाणे जुने असतील, पाणी जड असेल, किंवा टोमॅटो-चिंच आधीच पडली असेल. आंबट पदार्थांनी पेक्टिन सुटत नाही, ते दाणे मऊ झाल्यावरच घाला. भिजवताना वाटीमागे पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तर सालं लवकर मऊ होतात. मात्र सोड्यामुळे दाणे पाच मिनिटांत बोटाने चिरडले गेले, तरी उकळीची ३० मिनिटं पूर्ण करा.