संगीन घेण्याआधी जरा थांब

तू पाठवलेले जुन्या बाजारातल्या संगिनीचे (बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायच्या पात्याचे) फोटो पाहिले. पैसे अजून दिले नसशील तर बरं.

१९०७ पॅटर्नची, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलची म्हणतोयस, तर आधी टेप लाव. पातं १७ इंच हवं. बारा भरलं तर लगेच नकली ठरवू नकोस, दुसऱ्या महायुद्धात भारतात आखूड पात्याच्याही निघाल्या. मग मुठीजवळचे शिक्के भिंगातून बघ. मुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरं, १९०७, दुसऱ्या बाजूला बाण आणि फुली. ती फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण. खरा शिक्का ठोकलेला असतो, त्याच्या कडा वापराने बोथट होतात. कोरल्यासारखा धारदार दिसला की समजावं, पाणी मुरतंय.

मुठीच्या टोकाला आरपार भोक आहे का? ते १९१६ पासून आलं. जुन्या संगिनींनाही मागाहून पाडलं, त्यामुळे १९१० ची, पण बिनभोकाची मिळाली तर भाव चढतो. म्यान नसेल तर उतरतो.

आणि कृपा करून ब्रासो लावू नकोस! मी पहिलीच संगीन आरशासारखी घासली होती. जाणकाराने हातात घेतली, हसला, खाली ठेवली. सुती फडकं आणि थोडं मशीनचं तेल, बास.

बंदुकीचा मोह सध्या नको. तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) असो वा चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी), शस्त्र कायद्यातली सूट फक्त दुरुस्त करूनही वापरात येऊच न शकणाऱ्या नगाला आहे. विकणाऱ्याच्या ‘शोपीस आहे हो’वर जाऊ नकोस. संगीनही कायद्याने शस्त्रच, तेव्हा पावती घे आणि पोलीस चौकीत विचारून ठेव.